दहा वर्षांचा हिशेब: ब्रिटनमध्ये प्रदीर्घ वास्तव्याच्या आधारे मुदतवाढ कशी मागावी

ब्रिटनमध्ये सलग दहा वर्षं कायदेशीर राहिलात, तर मधल्या काळात व्हिसे कितीही वेळा बदललेले असोत, त्या दहा वर्षांच्या जोरावर पुढं राहण्याची परवानगी मागता येते. या मार्गाला इथं 'लाँग रेसिडेन्स' म्हणतात. त्याचे दोन दरवाजे आहेत. एक कायम वास्तव्याचा, म्हणजे आयएलआर. आपल्यातले बहुतेक जण तिला अजून पीआरच म्हणतात. दुसरा दरवाजा तात्पुरत्या मुदतवाढीचा, जास्तीत जास्त दोन वर्षांचा. त्याच्या फॉर्मला एफएलआर-एलआर म्हणतात. याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, आणि दर महिन्याला कुणीतरी मला तेच प्रश्न विचारतं, म्हणून हा लेख.

मी सप्टेंबर २०१४ मध्ये साताऱ्याहून शिकायला आले. आधी विद्यार्थी, मग नोकरीचा व्हिसा, मग नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. एकाच प्रकारच्या व्हिसावर पाच वर्षं काढली की आयएलआर मागता येते, पण प्रत्येक बदलात ते पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं. दहा वर्षांच्या या नियमानंच मला २०२४ मध्ये आयएलआर मिळाली. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं स्वतः केलेलं आहे. पण मी वकील नाही. ही माहिती आहे, तुमच्या फाइलवरचा सल्ला नाही. फाइलमध्ये जरा जरी गुंता असेल तर सल्ला कुणाकडून घ्यायचा, ते पुढं सांगते.

हा मार्ग कुणासाठी

पाच वर्षं एकाच व्हिसावर काढली असतील तर बहुधा तुम्हाला या मार्गाची गरजच पडणार नाही. स्किल्ड वर्कर म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याला त्याच्याच मार्गानं अर्ज करता येतो. लाँग रेसिडेन्सचा उपयोग होतो तो तुकड्यातुकड्यांनी राहिलेल्यांना: दोन वर्षं एमएस्सी, चार वर्षं पीएचडी, दोन वर्षं एका कंपनीत, मग जोडीदाराच्या व्हिसावर. हे सगळे तुकडे एकमेकांना जोडले जातात.

सगळेच मात्र नाही. व्हिजिटर म्हणून राहिलेला काळ धरत नाहीत. शॉर्ट-टर्म स्टुडंट आणि सीझनल वर्करचा काळही धरत नाहीत. विद्यार्थी, पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा, नोकरीचे व्हिसे, अवलंबितांचे व्हिसे हे सगळे धरतात. एक अर्ज मुदतीत केला आणि निकाल यायच्या आत जुना व्हिसा संपला, तर तो वाट पाहण्याचा काळही कायदेशीरच असतो. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३-सी मुळे तो आपोआप वाढलेला असतो, आणि दहा वर्षांत मोजला जातो.

इथं एक गल्लत फार होते. 'वीस वर्षांचा नियम' म्हणून लोक जे बोलतात ती वेगळी वाट आहे. ती बेकायदा राहिलेल्यांनाही लागू पडते, तिचे फॉर्म आणि अटी वेगळ्या. कुणी मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं म्हणून हे दोन एकत्र करू नका.

आणि दहा वर्षं भरायच्या आतच व्हिसा संपत असेल, तर हा दरवाजा तुमच्यासाठी अजून उघडलेला नाही. आहे तोच व्हिसा आधी वाढवा. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या तारखेच्या २८ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही.

मुदतवाढ की थेट आयएलआर?

हा प्रश्न फॉर्म उघडण्याआधी सोडवा. दोन्हींसाठी दहा वर्षांचा हिशेब सारखाच लागतो. मुख्य फरक असा, की १८ ते ६४ वयाच्या माणसाला आयएलआरसाठी 'लाइफ इन द यूके' परीक्षा आणि इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. मुदतवाढीला ही दोन्ही लागत नाहीत. म्हणून लोकांना वाटतं, मुदतवाढ सोपी आणि स्वस्त असणार.

आता पैसे बघा. एप्रिल २०२५ च्या दरांनी आयएलआरच्या अर्जाला ३,०२९ पौंड लागत होते. मुदतवाढीच्या अर्जाला १,३२१ पौंड, पण त्यावर हेल्थ सरचार्ज (एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) भरावा लागतो, तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आहे. दोन वर्षांचे २,०७०. म्हणजे मुदतवाढीचे एकूण ३,३९१ पौंड. आयएलआरला सरचार्जच नाही. त्या दरांनी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी कायमच्या परवानगीपेक्षा ३६२ पौंडांनी महाग पडत होती! आणि त्या दोन वर्षांत आयएलआरचा अर्ज करायचा तेव्हा तिची फी वेगळी भरायचीच. हे दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर नक्की आकडा पाहा.

माझं मत स्पष्ट आहे. अडलं आहे ते फक्त परीक्षेवर, आणि हातातल्या व्हिसाला अजून तीन-चार महिने आहेत? मग अभ्यास करा, परीक्षा द्या आणि थेट आयएलआरला जा. परीक्षेची फी ५० पौंड आहे. तीनदा नापास झालात तरी मुदतवाढीच्या पासंगालाही ते पुरत नाही.

मग मुदतवाढ घ्यायची कधी? माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिची दहा वर्षं पूर्ण झालेली होती. परीक्षेची वेळ घेताना तिनं नाव लिहिलं स्वतःचं आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र आपल्या पद्धतीप्रमाणे मध्ये वडिलांचं नाव होतं. केंद्रावर नाव जुळलं नाही, तिला आत सोडलं नाही, पैसेही गेले. मग बाळंतपण आलं, बाळ वेळेआधी झालं, महिनाभर ती रुग्णालयातच होती. त्यातच कंपनीनं नोकरी काढून घेतली, आणि व्हिसा ६० दिवसांवर आणल्याचं होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र आलं. त्या साठ दिवसांत परीक्षेची पुस्तकं घेऊन बसणं तिला शक्य नव्हतं. तिनं एफएलआर-एलआर भरला, दोन वर्षं मिळवली, नवी नोकरी कुठल्याही प्रायोजकाशिवाय धरली, आणि पुढच्या हिवाळ्यात शांतपणे परीक्षा दिली. मुदतवाढ ही अशा नडीसाठी आहे. या परवानगीवर नोकरी करता येते, आणि व्हिसा कंपनीच्या हातात राहत नाही. नोकरी गमावलेल्या माणसाला याची किंमत कळते.

घरात मूल येणार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला आयएलआर मिळालेली असताना इथं जन्मलेलं मूल जन्मतःच ब्रिटिश नागरिक होतं. मुदतवाढीवर असताना जन्मलेलं मूल होत नाही. नंतर पालकाला आयएलआर मिळाली की त्याची नोंदणी करता येते, पण त्याची फी वेगळी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तो निर्णय घरात बसून नीट बोलून घ्यायचा आहे.

दिवस मोजणं: खरं काम हे आहे

फॉर्म दोन संध्याकाळी भरून होतो. परदेशात घालवलेले दिवस मोजायला मला तीन आठवडे लागले. कारण मी पहिल्या दिवसापासून नोंद ठेवली नव्हती. तुम्ही नुकतेच आला असाल तर आजच एक वही किंवा एक्सेलची शीट उघडा: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, कुठं, कशासाठी. बोर्डिंग पासचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. दहा वर्षांनी स्वतःलाच धन्यवाद द्याल.

नियम असे. ११ एप्रिल २०२४ रोजी लाँग रेसिडेन्सचे नियम बदलले. त्या तारखेच्या आधी सुरू झालेली कुठलीही एक गैरहजेरी १८४ दिवसांपेक्षा मोठी नसावी. ११ एप्रिल २०२४ पासून पुढं, कुठल्याही सलग १२ महिन्यांत मिळून १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर असू नये. 'कुठल्याही' या शब्दावर बोट ठेवा. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब नाही. पुढंमागं सरकवून कुठलेही बारा महिने धरले तरी १८० च्या आत बसलं पाहिजे. जुन्या नियमातली एकूण ५४८ दिवसांची मर्यादा, ज्यांची दहा वर्षं त्या तारखेआधीच पूर्ण झाली त्यांना लागू आहे. बाकीच्यांनी तिच्या मागं लागू नये. जुने ब्लॉग अजून तोच आकडा सांगतात.

मोजायचे ते फक्त पूर्ण दिवस. निघाल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस धरत नाहीत. समजा १० डिसेंबरला संध्याकाळी हीथ्रोहून निघालात आणि ५ जानेवारीला परतलात. डिसेंबरचे ११ ते ३१ म्हणजे २१ दिवस आणि जानेवारीचे १ ते ४ म्हणजे ४ दिवस. एकूण २५.

आता इथंच आपल्या लोकांची चूक होते. ब्रिटन देश सोडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाही. म्हणून निघाल्याची तारीख आपण मुंबईच्या शिक्क्यावरून काढतो. पण रात्रीचं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी उतरतं. शिक्का ११ डिसेंबरचा, आणि तुम्ही देश सोडला १० ला. प्रत्येक फेरीला एकेक दिवसाची ही चूक होत गेली, की दहा वर्षांत पंधरा-वीस दिवसांचा फरक पडतो, आणि होम ऑफिसच्या नोंदीशी तुमची यादी जुळत नाही. तिकिटाची ईमेल शोधा, निघाल्याची तारीख त्यावरून घ्या.

माझा पहिला पासपोर्ट संपल्यावर मी तो आईकडे साताऱ्याला ठेवला होता. आईनं कपाटातून काढून, चष्मा लावून, एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. चाळीस फोटो आले. तीन शिक्के इतके पुसट होते की महिना ऑक्टोबर आहे की डिसेंबर ते कळेना. शेवटी ते एका लग्नपत्रिकेवरून सुटलं. मामेभावाचं लग्न कधी होतं ते आईला तिथीनं आठवत होतं, तिथीवरून तारीख काढली आणि मग विमान कंपनीची जुनी ईमेल सापडली. जुने पासपोर्ट भारतात ठेवू नका. संपलेला पासपोर्टही इथंच, तुमच्याजवळ असू द्या.

पासपोर्ट हरवलाच असेल, तर होम ऑफिसकडे स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. त्याला 'सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट' म्हणतात, ती फुकट आहे आणि साधारण महिनाभरात उत्तर येतं. तुमच्या जुन्या व्हिसांच्या, प्रवासाच्या नोंदी त्यात मिळू शकतात. ज्यांच्या फाइलमध्ये काही शंका आहे त्यांनी अर्जाच्या तीन-चार महिने आधी ही मागणी टाकावी. तुमच्याबद्दल त्यांच्याकडे काय लिहिलेलं आहे ते आधी वाचलेलं बरं.

मर्यादा ओलांडली गेली असेल तर लगेच हात टेकू नका. महामारी, युद्ध किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे प्रवास अडला, स्वतःला जिवावरचं आजारपण आलं, जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू झाला, अशा कारणांची दखल नियमांतच आहे. मार्च २०२० मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली तेव्हा सुट्टीला गेलेले कितीतरी मराठी लोक पुण्या-नाशकात अडकून पडले. त्यांना हे कारण देता येतं. पण नुसतं सांगून चालत नाही, कागद लागतो. रद्द झालेल्या तिकिटाची ईमेल, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं तारखांसह पत्र, नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला. कागद नुसता मराठीत असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क हवा. वडील अतिदक्षता विभागात असताना डिस्चार्ज कार्डाची प्रत मागायला मन होत नाही, हे मला ठाऊक आहे. घरातल्या एका धीराच्या माणसाला तेवढं काम सांगून ठेवा.

दोन व्हिसांमधली फट

दिवस मोजून झाले की सगळे व्हिसे एकाखाली एक लिहा: कधी मिळाला, कधी संपला, पुढचा अर्ज कोणत्या तारखेला केला. प्रत्येक जोडावर एकच प्रश्न: जुना संपायच्या आत नवा अर्ज गेला होता का? हो असेल तर पुढं चला. नसेल, किंवा जुना व्हिसा संपल्यावर भारतात जाऊन तिथून नवा काढला असेल, तर थांबा. थोड्या दिवसांची फट काही अटींवर माफ होते, पण २०१६ आधीच्या आणि नंतरच्या काळाला वेगळे नियम लागतात. ही जागा स्वतः अंदाज बांधायची नाही.

इथं सल्लागार घ्या, आणि नीट बघून घ्या. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सल्लागार एकतर सॉलिसिटर असावा, नाहीतर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला असावा. जानेवारी २०२५ पर्यंत याच संस्थेला ओआयएससी म्हणत. तिच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी तपासता येते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गणपतीत तिथं दहा वर्षं पूर्ण केलेली माणसं डझनानं भेटतात, आणि त्यांच्याशी बोलून धीर येतो. धीर त्यांच्याकडून घ्या, फटीवरचा निर्णय त्यांच्याकडून घेऊ नका.

आयएलआरसाठी अजून एक अट २०२४ च्या बदलात आली: आज ज्या परवानगीवर आहात ती किमान १२ महिने हातात असावी. ती परवानगी ११ एप्रिल २०२४ आधी मिळालेली असेल तर ही अट लागत नाही. नुकताच व्हिसा बदलला असेल तर अर्जाची तारीख ठरवताना हे ध्यानात घ्या.

परीक्षा आणि इंग्रजी, आयएलआरला जाणार असाल तर

'लाइफ इन द यूके' मध्ये २४ प्रश्न, ४५ मिनिटं, उत्तीर्ण व्हायला १८ बरोबर. अधिकृत पुस्तिका एकदा सावकाश वाचा, मग सराव प्रश्न सोडवा. नुसते सराव प्रश्न पाठ करणारे नापास होताना मी पाहिले आहेत. वेळ किमान तीन दिवस आधी घ्यावी लागते, आणि नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. निकालाला मुदत नाही, एकदा पास झालात की कायम. म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच देऊन टाका. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. मैत्रिणीची गोष्ट विसरू नका.

इंग्रजीचा पुरावा ही वेगळी गोष्ट आहे. इथल्या विद्यापीठाची पदवी असेल तर तीच पुरते. पण ती पदवी 'लाइफ इन द यूके' मधून सूट देत नाही, हा गोंधळ फार जणांचा होतो. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची पदवी इंग्रजी माध्यमातून असली तरी ती तशीच चालत नाही. एक्टिस नावाची संस्था तिची पातळी आणि माध्यम तपासून दाखला देते, तो जोडावा लागतो. महाविद्यालयाकडून माध्यमाचं पत्र मिळवायला सहज महिना जातो, तेव्हा आधी सुरुवात करा. दोन्ही नसेल तर मान्यताप्राप्त केंद्रात बी-१ (मध्यम) पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यायची. तो निकाल दोन वर्षंच टिकतो. ही पातळी बी-२ करण्याचा सरकारचा विचार मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आलेला आहे, म्हणून आधी नियम वाचा, मग परीक्षेचे पैसे भरा.

फॉर्म

अर्ज ऑनलाइन असतो. मुदतवाढीला एफएलआर-एलआर, कायम वास्तव्याला सेट-एलआर. दोन्ही नावं सारखी दिसतात, चुकीचा फॉर्म उघडून पैसे भरणारे भेटले आहेत.

नवरा-बायकोला वाटतं एकाच्या अर्जात सगळं कुटुंब बसेल. या मार्गावर तसं होत नाही. प्रत्येकाची दहा वर्षं वेगळी, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. जोडीदार चार वर्षांनी नंतर आला असेल, तर त्याला त्याच्या स्वतःच्या आधारानं व्हिसा वाढवावा लागेल. तुमच्या अर्जाआधीच त्याचं काय करायचं ते ठरवा, विशेषतः तो तुमच्याच व्हिसावर अवलंबून असेल तर.

प्रवासाच्या फेऱ्या फॉर्ममध्ये एकेक करून भराव्या लागतात. तुमची शीट तयार असेल तर तासाभराचं काम. पोलीस, न्यायालय, दंड, कर, एनएचएसचं थकलेलं बिल यांवरचे प्रश्न खरे भरा. छोटी गोष्ट सांगितल्यानं क्वचितच बिघडतं, लपवल्यानं बिघडतं. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी जुन्या व्हिसा अर्जात दाखवलेलं उत्पन्न आणि एचएमआरसी या कर खात्याला कळवलेलं उत्पन्न ताडून पाहावं. या तफावतीवरून अनेक भारतीयांचे अर्ज फेटाळले गेले, आणि एप्रिल २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलला बालाजीगारी खटल्यात सांगावं लागलं की अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याआधी अर्जदाराला खुलाशाची संधी दिली पाहिजे. तुमच्या हिशेबात तफावत असेल तर खुलासा आधीच, अकाउंटंटच्या पत्रासह जोडा.

कागद म्हणून सगळे पासपोर्ट, जुनी बीआरपी (रहिवासी परवान्याची) कार्डं, व्हिसाची पत्रं, आणि दर वर्षी तुम्ही इथं होतात हे दाखवणारं निदान एक काहीतरी: पी-६० (कंपनीकडून मिळणारा पगार-कराचा वार्षिक दाखला), काउन्सिल टॅक्सचं बिल, विद्यापीठाचं पत्र. बीआरपी ३१ डिसेंबर २०२४ नंतर चालत नसली तरी ती फेकू नका, तिच्यावरच्या तारखा पुरावा आहेत. फाइल्सना सरळ नावं द्या, वर्षानुसार. सोबत एका पानाचं पत्र जोडा: कधी आलात, कोणकोणत्या व्हिसांवर राहिलात, किती दिवस बाहेर होतात, काही अपवाद असेल तर तो कुठल्या कागदात आहे. तपासणाऱ्याला शोधत बसावं लागू नये.

अर्ज गेल्यानंतर

व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला, की निकालापर्यंत जुन्या व्हिसाच्या अटींवर राहता येतं, नोकरी करता येते. कंपनीनं पुरावा मागितला तर तिला होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडून खात्री करून घेता येते. घरमालकांसाठीही तशीच सोय आहे. एचआरमधल्या माणसाला हे माहीत नसेल तर तुम्हीच सांगा, कारण भीतीपोटी लोकांना कामावरून बसवलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज प्रलंबित असताना भारतात जाऊ नका. कॉमन ट्रॅव्हल एरिया म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं. याबाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागं घेतला असं धरतात. जुना व्हिसा संपलेला असेल तर परतायलाही आधार राहत नाही. दहा वर्षं एका विमानात बसल्यानं जातात. माझा अर्ज गेला त्याच्या नवव्या दिवशी वडिलांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला. सुदैवानं ते चार दिवसांत घरी आले. त्या चार रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपले. म्हणून सांगते: घरी कुणी आजारी असेल, लग्नकार्य असेल, तर आधी जाऊन या आणि मग अर्ज करा. ते जमत नसेल तर आयएलआरला सुपर प्रायॉरिटी मिळते का पाहा, १,००० पौंड जास्त लागतात, पण बायोमेट्रिक दिल्यावर बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी निकाल येतो. साध्या अर्जाला आयएलआरचा निकाल सहा महिन्यांपर्यंत लांबू शकतो. आई-वडील सत्तरीच्या पुढं असतील तर ते हजार पौंड मी वायफळ मानत नाही.

बोटांचे ठसे आणि फोटोसाठी यूकेव्हीसीएएस केंद्राची वेळ घ्यावी लागते, काहींना ते काम फोनवरच्या अ‍ॅपनंच होतं. कागद आधी अपलोड करून ठेवा.

अर्ज फेटाळला गेला तर हेल्थ सरचार्ज परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. नकाराच्या पत्रात पुढं काय करता येईल आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं. देशात असताना ही मुदत साधारण १४ दिवसांची असते, त्यामुळे पत्र वाचलं त्याच दिवशी सॉलिसिटरला फोन करा. आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी सरकारनं कायम वास्तव्याच्या एकूणच नियमांत मोठे बदल मांडले आहेत, या मार्गाचं भवितव्यही त्यांत गुंतलेलं आहे. ज्यांची दहा वर्षं भरली आहेत त्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नये.

परवानगी मिळाली की ती ई-व्हिसाच्या रूपात तुमच्या ऑनलाइन यूकेव्हीआय (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात दिसते. त्याच दिवशी उघडून नाव, जन्मतारीख, परवानगीचा प्रकार आणि शेवटची तारीख तपासा, चूक असेल तर ताबडतोब कळवा. भारताच्या वकिलातीतून नवा पासपोर्ट घेतलात की त्याचा क्रमांक खात्यात जोडा, नाहीतर मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या खिडकीशी अडवलं जाईल. मुदतवाढ मिळाली असेल तर तिच्या शेवटच्या तारखेच्या सहा महिने आधीची खूण कॅलेंडरवर करा, आणि 'लाइफ इन द यूके' ची वेळ याच आठवड्यात घ्या.